जुनी पिकअप घेताय? गिअरबॉक्सचं ऑईल आधी बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वडणगे, आंबेवाडी, चिखली भागात आता बरीच पोरं जुनी पिकअप घेऊन धंद्याला लागलीत, कुणी दूध टाकतंय, कुणी पहाटे भाजी घेऊन मार्केट यार्डला जातंय, कुणी गगनबावड्यावरनं खाली कोकणात माल उतरवतंय. त्यांच्यासाठी हे पत्र लिहितोय, जागा असेल तर छापा. गाडी घेताना सगळे टायर बघतात, पाटे बघतात, डिपस्टिक काढून इंजिन ऑईल बोटावर चोळून बघतात, आरसी आणि इन्शुरन्स बघतात. गिअरबॉक्समध्ये काय भरलंय ते मात्र कुणी बघत नाही. मी पण बघितलं नव्हतं.

मागच्या वर्षी मी एक जुनी पिकअप घेतली. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर पडायचाच नाही, जोर लावला की खर्रर्र आवाज, आणि करूळ घाट चढताना लोड असला की तिसऱ्यावरनं दुसरा टाकायला जीव खालीवर व्हायचा, कारण तिथं गिअर अडकला तर गाडी मागं येणार. एका गॅरेजला दाखवली तर त्यांनी न बघताच सांगितलं की बॉक्स उतरवायला लागतोय, सिंक्रो रिंगा (गिअरचा वेग जुळवणाऱ्या आतल्या कड्या) गेल्या, सेट बदला. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली.

मग उद्यमनगरातले एक वयस्कर मेस्त्री, त्यांना ओळखीच्यांनी मामा म्हणतात म्हणून मी पण मामाच म्हणतो, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ऑईल कधी बदललंय?" मी म्हटलं दोन महिन्यापूर्वीच. ते म्हणाले, "इंजिनचं न्हवं रं, गिअरचं." मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनी ते काम कसं केलं ते नीट सांगतो कारण यातच सगळं आहे. आधी मला गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणायला लावली, ऑईल कोमट झालं की पातळ होतंय आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडतंय. मग गाडी पिटवर सपाट उभी केली. मला वाटलं आता खालचा नट खोलणार, पण त्यांनी आधी बाजूचा भरायचा नट सैल केला. म्हणाले, खालनं ऑईल सोडून दिलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला तर नवीन ऑईल भरणार कुठनं, गाडी जाग्यावर बसली म्हणून समज. साधी गोष्ट आहे पण घरी स्वतः करणाऱ्यांनी ही एवढी तरी लक्षात ठेवावी. आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कुणीही शिरू नये.

खालचा नट निघाला आणि जे बाहेर आलं ते दूध घातलेल्या कॉफीसारखं होतं. म्हणजे आत पाणी. नटाला आतनं लोहचुंबक असतंय, त्यावर बारीक काळी पेस्ट तर चालतीय, ती दातऱ्यांची नेहमीची झीज, पण तुकडे किंवा पितळी चमक जास्त दिसली तर मग बॉक्स खोलायचा विचार करावा, असं मामांनी सांगितलं. माझ्या नटावर पेस्ट बरीच होती, तुकडे नव्हते, तेव्हा जरा धीर आला.

पाणी कसं जातंय तेही त्यांनीच समजावलं. गिअरबॉक्सला वर हवा सोडायला ब्रीदर असतोय, तापलेला बॉक्स एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधनं, सीलमधनं पाणी आत ओढलं जातंय. आपल्याकडं ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात किती गाड्या पाण्यात होत्या हे आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या कितीतरी धुऊन पुसून पुढं विकल्या गेल्या असणार. माझी त्यातली होती का मला माहीत नाही, कागदावर तसलं काही लिहिलेलं नसतंय. पण ऑईलचा रंग लपत नाही.

दुसरी गोष्ट ऑईलच्या नंबरची, आणि इथं मला खरंच कळकळ आहे. आपल्याकडं बरेच जण "नव्वद नंबर द्या" म्हणतात (नंबर म्हणजे ऑईलचा जाडपणा) आणि तेच गिअरला तेच हाऊसिंगला, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या पेटीला ओततात. मागं हाऊसिंगमध्ये क्राऊन-पिनियन या मोठ्या-लहान चाकांचे दाते एकमेकांवर घासत सरकतात, तिथं जोरदार प्रेशर सोसणारं जीएल-5 लागतंय (जीएल म्हणजे गिअर ऑईलची ग्रेड). पण पुढच्या बॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असते, ती गिअरला घासून त्याचा वेग जुळवून घेते, ऑईल फार निसरडं असेल तर तिची पकड लागत नाही आणि खर्रर्र होतंय. शिवाय जीएल-5 मधल्या गंधक-फॉस्फरसच्या काही रसायनांनी पितळ खराब होऊ शकतंय. म्हणून अशा बऱ्याच बॉक्सना जीएल-4 सांगितलेलं असतंय, 75डब्ल्यू-80 किंवा 80डब्ल्यू-90 वगैरे. काही गाड्यांना मात्र जीएल-5, काहींना चक्क इंजिन ऑईल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) चालतंय, तेव्हा माझं किंवा दुकानदाराचं ऐकू नका, त्या मॉडेलचं पुस्तक बघा, पुस्तक नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. काही विकणारे बॉक्सचा आवाज दाबायला मुद्दाम जाड 140 नंबर भरून देतात, तेव्हा सकाळी थंडीत गिअर पडतोय का ते बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

मामांनी नवीन वायसर टाकून खालचा नट बसवला आणि बाजूच्या भोकातनं ऑईल गळायला लागेपर्यंत पंपानं भरलं, तीच त्याची लेव्हल. आठ दिवसांनी परत बोलावून तेही काढलं कारण उरलेलं पाणी त्यात उतरलं होतं, आणि पुन्हा ताजं भरलं. दोन वेळचं ऑईल आणि मजुरी मिळून पहिल्या गॅरेजच्या आकड्याच्या जवळपास पण गेलं नाही. दुसरा गिअर आता घाटात सरळ पडतोय. सकाळी पहिल्या एक-दोन किलोमीटरला अजून थोडा अडतोय, रिंग थोडी झिजलीय ती झिजलीच.

गॅरेजवाल्यांना एक विनंती, बिलावर नुसतं "गिअर ऑईल" न लिहिता नंबर, ग्रेड आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहा, गाडी पुढं विकली तरी पुढच्याला कळेल. आणि काढलेलं ऑईल गटारीत सोडू नका. वापरलेलं ऑईल 2016 च्या नियमांप्रमाणं घातक कचऱ्यात येतंय, ते अधिकृत रिसायकलवाल्याला द्यायचं असतंय. गटारीतनं ते जयंती नाल्याला आणि तिथनं पंचगंगेला जातंय, आणि नदीकाठची गावं त्याच पाण्यावर आहेत.

तुमच्या पुरवणीत गाड्यांवर लेख येतात, त्यात एकदा उद्यमनगरातल्या जुन्या मेस्त्रींना विचारून हा विषय सविस्तर घ्यावा.

आपला,
एक पिकअपवाला वाचक
वडणगे, ता. करवीर, जि. कोल्हापूर