रविवारचा हिब्रू वर्ग पुन्हा सुरू

सर्व बेने इस्रायल (मराठी ज्यू) सभासदांना शालोम.

तिश्री या हिब्रू महिन्यातले सण आटोपले. येत्या रविवारी सकाळी 10 पासून मुलांचा हिब्रू वर्ग सिनेगॉगच्या मागच्या खोलीत भरेल. शिकवणारे आपल्यातलेच: रेल्वेतून निवृत्त झालेले काका, रात्रपाळी संपवून येणाऱ्या नर्सताई, इस्रायलमध्ये वाढलेली एक सून आणि 1880 च्या सुमारास आपल्याकडे सुरू झालेली मराठी कीर्तनं तोंडपाठ असलेल्या आजी. बी.एड. कुणीच नाही. पण दालेत आणि रेश ही हिब्रू अक्षरं सारखी दिसतात ना, तिथे काका मुलाचं बोट धरून दालेतच्या कोपऱ्यावरून फिरवतात. मूल पुन्हा चुकत नाही. सुनेचे उच्चार आजींहून वेगळे आहेत. मुलांनी दोन्ही ऐकावेत, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या रविवारी आजी मलिदा शिकवतील. पोहे, गूळ, ओलं खोबरं घरून पाठवा. आणि मुलं वेळेवर येऊ द्या, नर्सताई झोप बाजूला ठेवून येतात.