कळव्याच्या ताईंना, नाव न लिहिता

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही, ही तुमची अट. तुम्ही कुत्र्यांची पोरकी पिल्लं जगवता हे मागे कुणीतरी नावासकट लिहिलं आणि महिन्याभरात तुमच्या दाराशी पिल्लांच्या तीन गोण्या येऊन पडल्या, हे तुम्ही हसत सांगितलं होतंत. मला काही हसू आलं नव्हतं. म्हणून नाव नाही. पण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "वजन सांगा" म्हणून विषय बदलता, तेव्हा हे चारचौघांत.

जुलैतली ती रात्र. पोखरण रोडवर कुत्री गाडीखाली गेली आणि वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या मीटररूममध्ये वॉचमनला तिची चार पिल्लं सापडली. डोळे मिटलेले, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला, अंग भिजून गारठलेलं. बुटांच्या खोक्यात घालून मी ती घरी आणली. आईने कपाटातून चांदीचं बोंडलं काढलं. ज्याने तिने मला पाजलं, माझ्या मुलीला पाजलं, तेच. गाईचं कोमट दूध, मांडीवर उताणं पिल्लू आणि तोंडात बोंडल्याची चोच. बाळाला पाजतात तसंच. दूध आत गेलं आणि नाकातून फेसासारखं बाहेर आलं. पिल्लू ठसकलं, मग त्याचा श्वास घुरघुरायला लागला. दोन दवाखान्यांना फोन लावले, कुणी उचलला नाही. बायकोच्या मैत्रिणीने तुमचा नंबर दिला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि आई दुसऱ्या पिल्लासाठी बोंडलं भरत होती.

"दादा, ते दूध आधी बाजूला ठेवा." हे तुमचं पहिलं वाक्य.

मग म्हणालात, पिल्लाच्या तोंडात करंगळी घाला. घातली. आतून गार. "गार पिल्लाची आतडी चालत नाहीत. आत्ता पाजलंत तर दूध पोटात तसंच पडून राहील." पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. थर्मामीटरवर 92 दिसत होतं, 95 च्या पुढे हवं होतं. पाण्याच्या बाटलीत गरम पाणी, बाटलीला टॉवेल, आणि खोक्याची एक बाजू मोकळी, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. घाई करायची नाही. दोन तास आम्ही नुसते बसून होतो. भुकेलं पोर समोर असताना पाजायचं नाही म्हणजे काय, हे आईच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या दोन तासांत पहिलं पिल्लू गेलं. मी विचारलं, माझ्यामुळे का? दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, छे हो, ते तसंही जगलं नसतं. तुम्ही म्हणालात, "हो. उताणं पाजलं की दूध फुफ्फुसात जातं. उरलेली तीन बघा आता." खरं सांगतो, त्या क्षणी तुमचा राग आला होता.

सकाळी डॉक्टरांनी तिघांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. छाती साफ होती. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, म्हणून पिल्लांची वेगळी पावडर आणली. सुई काढलेली सिरिंज, पिल्लू पोटावर, मान जरा वर, जिभेवर थेंब थेंब. दर तीन तासांनी. आणि पाजून झालं की कोमट पाण्यात पिळलेला कापूस घेऊन पोटाखाली हलकेच पुसायचं, कारण साधारण तीन आठवडे आईने चाटल्याशिवाय पिल्लांना शी-शू होत नाही. आमचे शेजारी हे बघून गेले आणि त्यांनी आठवडाभर आमच्याकडे चहा घेतला नाही.

चिवड्याचं सामान मोजायचा वजनकाटा पिल्लांकडे गेला. रोज सकाळी त्यावर वाटी, वाटीत पिल्लू, आणि आकडा तुम्हाला. दोघांचे आकडे चढत होते. तिसऱ्याचा, त्या कपाळावर टिकली असलेल्या मादीचा, 271 वर अडकला, मग 266, मग 259. ती सिरिंज चोखेना. हिरड्यांवर ग्लुकोजचं पाणी चोळलं, ऊब दिली, डॉक्टरांनी सुई दिली. पाचव्या रात्री ती माझ्या तळहातावर गेली. मी काही न विचारताच तुम्ही म्हणालात, "हे तुमच्यामुळे नाही, दादा."

आणि मी त्यावर विश्वास ठेवला. पहिल्या रात्री तुम्ही माझी समजूत काढली असतीत, तर त्या रात्रीचं हे वाक्यही मला समजुतीचंच वाटलं असतं. पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच. पावडर, कापूस, तापमान, हे सगळं कुणीही शिकवलं असतं. असं तोंडावर "हो" म्हणणारं माणूस मात्र त्या रात्री दुसरं कुणी मिळालं नसतं.

तेराव्या दिवशी एकाचे डोळे किलकिले झाले, निळसर, काहीच न बघणारे. आईने त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुसऱ्याने अजून दोन दिवस घेतले. एक आता ऐरोलीला आहे, तिथल्या आजोबांच्या चपला कुरतडतंय. दुसरं आत्ता माझ्या पायावर झोपलंय, म्हणून उठता येत नाही आणि पत्र लांबलंय.

पावडरचा एक न फोडलेला डबा उरलाय. रविवारी कळव्याला आणून देतो, स्टेशनच्या बाहेर या, नाहीतर वॉचमनकडे ठेवतो. आणि पुन्हा गोणी आली तर त्यातली दोन इकडे पाठवा, रात्रीचं आम्ही बघू. बोंडलं काढणार नाही.

आपला,
वर्तकनगरचा दादा