पॅनलमध्ये पाणी जातं कसं आणि बोलणी कोण खातं

मा. संपादक, स.न.वि.वि.

फूड प्लांटमधल्या एका रोजच्या त्रासाबद्दल पेपरात कधीच काही येत नाही म्हणून लिहितोय. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डेअरीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. रात्री प्रॉडक्शन संपलं की धुलाई सुरू होते, पाऊच फिलिंग मशीन, क्रेटचा कन्व्हेयर, फरशी सगळंच, आधी फोम मग गरम पाणी आणि शेवटी गार पाणी, आणि ते व्हायलाच पाहिजे, दुधाचं काम आहे त्यात तडजोड नको. पण पहाटे मशीन चालू करायला जावं तर कुठला तरी सेन्सर उगाच सिग्नल देत असतो, नाहीतर इमर्जन्सी स्टॉप कोणी दाबलेला नसताना लाइन सुरूच होत नाही, मशीनवरचा वायरिंगचा बॉक्स उघडला की तळाला पाणी आणि टर्मिनलवर हिरवा थर. मग पहिला प्रश्न ठरलेला, रात्री पाणी कोणी मारलं? तो असतो कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा. त्याला सगळ्यांसमोर झापतात, कधी हजेरीही कापतात.

बहुतेक वेळा त्याची चूक नसते हो, आणि हे मी बॉक्स उघडून बघितल्यावर बोलतोय.

बॉक्सवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा, म्हणून सगळे निर्धास्त असतात. ती टेस्ट म्हणजे काय तर नवा कोरा बॉक्स एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास बुडवायचा, आणि पाण्याचं तापमान बॉक्सच्या तापमानापेक्षा ५ अंशांहून जास्त वेगळं असता कामा नये अशी त्यात अटच आहे. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. गरम पाण्याने बॉक्स तापतो, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते आणि लगेच वरून गार पाणी पडतं. गरम भाजी भरून झाकण लावलेला डबा गार झाला की झाकण कसं आत ओढलं जातं, तसंच इथे होतं. आतली हवा ६० अंशांवरून २५ वर आली तर दाब साधारण दहा टक्के उतरतो, म्हणजे एक मीटर पाण्याएवढी ओढ लागते, आणि ती भरून काढायला हवा आत येणार ती झाकणाच्या ओल्या गॅस्केटमधून (रबरी पट्टीतून) आणि केबल आत घेतात त्या ग्लँडमधून, सोबत पाणी घेऊनच. रोज चार थेंब गेले तरी महिन्याभरात तळं होतं, कारण आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाटच नसते.

दुसरं म्हणजे ६७ हा आकडा ६६ पेक्षा मोठा म्हणून तो भारी असं खरेदीवाल्यांना वाटतं. तसं नाहीये. ६६ ला जोरदार धारेची टेस्ट असते, ६७ ला बुडवायची, एक पास झाला म्हणजे दुसरा आपोआप पास होत नाही. प्रेशर गन वापरायची असेल तर ६९ बघा, त्यात ८० अंशाचं पाणी ८० ते १०० बारने चार कोनांतून मारतात. पण तिथेही पाणी साधंच, धुलाईचा कॉस्टिक सोडा नाही की क्लोरीनचा फोम नाही. गॅस्केटच्या रबराचंही तेच, ईपीडीएम नावाचं रबर पाण्याला आणि कॉस्टिकला चांगलं टिकतं पण तूप-लोणी लागलं की फुगतं.

आणि बाकीचं आमच्या लोकांचं काम असतं. जाड ग्लँडमध्ये बारीक केबल घालून टेप गुंडाळतात, केबल वरून आत घेतात म्हणजे पाणी केबलवरून ओघळत सरळ ग्लँडवरच येतं, झाकणाचे चार स्क्रू असतात त्यातले दोनच लावतात आणि पाणी दिसलं की सिलिकॉन फासतात. सिलिकॉन फासला म्हणून गॅस्केट काही नीट बसत नाही, आणि कधीकधी तर आतलं पाणी निघायची शेवटची फटसुद्धा त्यानेच बुजते.

खर्चिक उपाय नाहीत हो. केबल खालून घ्या आणि ग्लँडच्या आधी एक झोळ सोडा. बॉक्सला हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा ब्रीदर प्लग बसवा, त्याने आतबाहेरचा दाब सारखा होतो आणि ओढच लागत नाही. गरम पाण्यानंतर गार पाणी मारायला थोडा वेळ जाऊ द्या, बटणाच्या बॉक्सवर जवळून गन मारू नका, पुसून घ्या. जो बॉक्स मशीनवर असायची गरजच नाही तो भिंतीपलीकडे न्या, हा तर सगळ्यात पक्का उपाय आहे.

हे फक्त ब्रेकडाऊनपुरतं नाही, तो पोरगा गमबूट घालून ओल्या फरशीवर स्टीलची गन हातात धरून उभा असतो आणि समोर पाणी गेलेला बॉक्स चालू असतो. अर्थिंग सुटलं असेल आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. धुलाईला मशीनची सप्लाय बंद करून टाळं लावायचा नियम बऱ्याच ठिकाणी कागदावर असतो, रात्री तिसऱ्या शिफ्टला पाळला जातो का ते मॅनेजर लोकांनी एकदा येऊन बघावं.

माझी विनंती एवढीच आहे की ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, कारखान्यात शपथ होते बॅनर लागतात, त्या दिवशी धुलाईच्या टीमला आणि खरेदीवाल्यांना एकत्र उभं करून पाणी गेलेला एक बॉक्स उघडून दाखवा आणि रात्री काम करताना काय अडचण येते ते त्या पोरांनाच विचारा.

आपला,
एक मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन
(नाव छापू नये)