स्टेशनवरचा नळ निर्दोष आहे

प्रिय सुऱ्या,

आठ महिने पत्र नाही. मध्ये फोन आला तो तुझाच, आणि तोही मी घाईत ठेवला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

परवा रात्री दोन वाजता मी नळाचं पाणी प्यायलो. उकळून, गार करून, पण नळाचं. घरात सांगितलं तर "बरं मग?" म्हणतील. म्हणून तुला लिहितोय.

झालं असं की गाडीची डिकी आवरताना ईशाला पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा खोका सापडला. उन्हाळाभर तिथेच पडून होता. दोन-चार बाटल्या कमरेत वाकलेल्या. त्यातलीच एक उघडून मी तोंडाला लावणार, तोच ती म्हणाली, "बाबा, हे पाणी किती महिने शिजतंय?" मी म्हटलं, सीलबंद आहे. बावीस वर्षांपूर्वी सहलीहून आल्यावर तुला कावीळ झाली, तेव्हापासून माझं शास्त्र एवढंच: सीलबंद तेच प्यायचं. पण ते 'शिजतंय' डोक्यात बसलं आणि रात्री वाचत सुटलो.

बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पीईटी, बनवताना अँटिमनी नावाच्या विषारी मूलद्रव्याचं संयुग वापरतात. त्याचा अंश प्लास्टिकमध्ये राहतो आणि पाण्यात उतरतो. गारव्यात अगदी नगण्य, पण बाटली तापली की वाढत जातो. त्याने माणूस लगेच आडवा होत नाही, हे तुझ्याआधी मीच सांगतो. पुढचं ऐक. २०२४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी बाटलीबंद पाणी लेझरखाली धरलं, तर लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण! त्यातले ९० टक्के एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक, म्हणजे रक्तात शिरू शकतील असे. आणि त्यात नायलॉनही भरपूर. ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या पडद्यांमधूनच आलेलं. आता हस.

झाकण फिरवतानाही कण खरवडून पाण्यात पडतात म्हणे. आणि मी कसा, मीटिंगमध्ये कंटाळा आला की तेच झाकण उघड, लाव, उघड, लाव. तू त्यावरून माझ्यावर खेकसला होतास, आठवतं? तेव्हा तुझा रोख आवाजावर होता, पण असो.

त्याच वर्षी इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिन्यांतून काढलेला मेदाचा थर तपासला. २५७ पैकी १५० जणांच्या थरात प्लास्टिक सापडलं, आणि त्या लोकांना पुढच्या तीनेक वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट निघाला. प्लास्टिकमुळेच झालं असं ते म्हणत नाहीत, आणि ते प्लास्टिक बाटलीतूनच गेलं असंही नाही. अंधारात छातीवर हात ठेवून मीही स्वतःला हेच सांगत होतो. (बीपीची गोळी चालू झालीय, गुडघा ठीक.)

मग हिशेब केला. दिवसाला दोन बाटल्या, बावीस वर्षं: सोळा हजारांच्या वर. गेल्या कुठे? पुन्हा बाटली फार थोड्यांची होते, बऱ्याचशांचा कपड्यांचा धागा होतो आणि तो धुतला की परत कण. उरलेल्या नाल्यातून समुद्रात. पीईटी पाण्यात बुडतं, झाकणाचं प्लास्टिक वेगळं, ते तरंगतं. म्हणजे तळाशी माझ्या बाटल्या आणि वर माझी झाकणं. ईशाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आणि मधे मासे."

पण पत्राचं कारण हे नाहीच. वाचता वाचता काविळीवर गेलो. तुझ्या रिपोर्टवर 'हिपॅटायटिस ए' होतं, तो मीच आणला होता. सुऱ्या, ती काविळ दूषित पाणी पोटात गेल्यापासून दिसायला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी चार आठवडे. आणि तू सहलीहून आल्यावर चौथ्या दिवशी पिवळा झालास!

बावीस वर्षं मी तुझ्या काविळीबद्दल सहलीतल्या स्टेशनवरच्या त्या नळाला शिव्या घातल्या. तू बर्फाला. तुझ्या लग्नात जेवताना आपण यावर भांडलो, वहिनींनी पान सोडून मध्यस्थी केली. नळ निर्दोष. तुझा बर्फही निर्दोष. ज्या नळाच्या धास्तीने मी सोळा हजार बाटल्या रिचवल्या, त्याने काही केलंच नव्हतं.

घरच्या नळाचं पाणी मी तपासायला दिलं होतं. जंतूंच्या बाबतीत स्वच्छ निघालं. प्लास्टिक ते बघत नाहीत. तरी उकळतोय, एकदम शूर होता येत नाही. जिथे नळाचा भरवसा नाही तिथे बाटली घेईनच, त्यावर वाद नको.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? विचारायचं राहूनच गेलं, रागावू नकोस म्हणावं. बदलीचं काय झालं? धाकट्याला चष्मा लागला असं कुणीतरी म्हणालं.

आणि एक आठवून सांग. सहलीच्या आधी महिनाभर परीक्षा होती, आपण खोलीतून हललो नव्हतो. नळाला तर दुपारनंतर पाणीच नसायचं. कोपऱ्यात तो निळा जार असायचा, वरचं सील कधी असायचं, कधी नसायचं. तो आणायची पाळी तुझी होती की माझी? मला वाटतंय, माझीच.

तुझा,
मन्या