कांटपासून सुरुवात करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावरचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे, पण शेवटी लेखक म्हणतात की देकार्त, स्पिनोझा, ह्यूम वगैरेंची मूळ पुस्तकं सामान्य वाचकाने हातात घेऊच नयेत, एखादा इतिहास वाचून मोकळं व्हावं आणि अगदीच हौस असली तर थेट कांटचं ते मोठं ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ घ्यावं. हे काही पटलं नाही बुवा, म्हणून लिहितेय.

मी तत्त्वज्ञानाची कुणी नव्हे. फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं, आता घरी. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या सोप्यावर आम्ही चौघंजणं बसतो, एक बँकेतून रिटायर झालेले, एक बस कंडक्टर होते आणि एक शेजारची एमए करणारी मुलगी. आमची सुरुवातसुद्धा कांटपासूनच झाली होती आणि दोन महिन्यांत आटोपलीही! १७८१ चं पुस्तक, जर्मनमधली पहिलीच आवृत्ती आठशेच्या वर पानांची, आम्ही विसाव्या पानाच्या पुढे गेलो नाही, कंडक्टरकाका म्हणाले बाई हे बंद करा नाहीतर मी यायचा बंद होतो. मग कळलं की त्या काळच्या जर्मन विद्वानांनाही ते झेपलं नव्हतं आणि शेवटी कांटने स्वतःच १७८३ मध्ये त्याच विषयावर एक छोटं पुस्तक काढलं. म्हणजे दोष आमचा एकट्यांचा नव्हता.

देकार्तचं १६४१ चं चिंतनांचं पुस्तक मात्र लहान आहे, सहाच चिंतनं. दुसऱ्यात तो मेणाचा तुकडा घेतो, विस्तवाजवळ नेतो, वास जातो रंग जातो आकार जातो, आणि विचारतो की मग हे तेच मेण हे तुला कशावरून कळलं, डोळ्यांनी की बुद्धीने? आम्ही तो प्रयोग माडाच्या गुळावर केला, वास काही गेला नाही उलट घरभर पसरला, पण वाद रात्री नऊपर्यंत चालला. आणि गंमत म्हणजे पुस्तक छापायच्या आधीच ते हॉब्ज, आर्नो, गासेंदी अशा त्या काळच्या विचारवंतांकडे पाठवलं होतं, त्यांचे आक्षेप आणि देकार्तची उत्तरं पुस्तकातच छापलीत. तुमच्या वाचकांच्या पत्रव्यवहारासारखंच म्हणा ना! मला तर मूळ चिंतनांपेक्षा ही भांडणंच जास्त आवडली. दोन वर्षांनी बोहेमियाच्या एलिझाबेथ राजकन्येने त्याला पत्रातून विचारलं की आत्म्याला जर शरीर नाही तर तो हात हलवतो कसा, आणि बघा, साहेबांना काही धड उत्तर देता आलं नाही. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतात.

स्पिनोझाबद्दल जरा जास्त लिहिते कारण तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याचं घराणं पोर्तुगालमधलं ज्यू, इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, धाकाने देश सोडलेलं, घरात पोर्तुगीज बोलायचे. त्याचे वडील विदिगेइरा गावात जन्मले, आणि आपला वास्को द गामा त्याच विदिगेइराचा काउंट होता! इथे गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं, इथला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याची हाडं १५८० मध्ये उकरून जाळली, तोही त्याच समाजातला. म्हणजे जे घराणं निसटून ॲमस्टरडॅमला पोचलं त्यात स्पिनोझा झाला. आणि तिथेही १६५६ मध्ये त्याच्याच लोकांनी त्याला वाळीत टाकलं, तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता. नंतर भिंगं घासून पोट भरायचा.

त्याचं ‘नीतिशास्त्र’ त्याच्या मरणानंतर १६७७ मध्ये आलं, भूमितीसारखं व्याख्या, स्वयंसिद्ध, सिद्धांत, सिद्धता. मला वाटलं आता माझं राज्य, पण सिद्धता तपासत बसले आणि वैतागले, बऱ्याच ठिकाणी व्याख्येतच सगळं भरून ठेवलंय, दहावीच्या पोराने असं लिहिलं असतं तर मी मार्क कापले असते. त्यापेक्षा मधल्या टिपा आणि पहिल्या भागाचं परिशिष्ट वाचा. छपरावरून दगड पडून माणूस मेला तर लोक का, का विचारत जातात आणि शेवटी देवाची इच्छा म्हणून गप्प बसतात, त्याला तो अज्ञानाचा आसरा म्हणतो. आमच्याकडे दगडाऐवजी नारळ, बाकी संवाद तोच! या परिशिष्टावरून आमच्यात एक शनिवार अबोला होता, बँकवाले देवळाच्या कमिटीवर आहेत ना.

ह्यूम त्यानंतर घ्या, त्याचं १७४८ चं ‘एन्क्वायरी’. तिशीच्या आत लिहिलेलं जाडजूड पुस्तक कुणी विचारलं नाही म्हणून त्याने सोपं करून परत लिहिलं ते हे. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला लागला की सोंगटी हलणार हे तुला दिसतं की नुसती सवय झालीय, असा प्रश्न (त्याच्याकडे बिलियर्डचे चेंडू आहेत). यानेच आपली झोपमोड केली असं कांट स्वतः सांगतो, मग ह्यूम न वाचता कांटकडे जाऊन काय समजणार सांगा. आम्ही आता त्या १७८३ च्या छोट्या कांटवर आलोय आणि या खेपेला कंडक्टरकाका टिकून आहेत.

लॅटिन, जर्मन आम्हाला येत नाही, आमचं मूळ म्हणजे इंग्रजी भाषांतर, हे कबूल. त्यातही जुनं इंग्रजी जड जातं, जोनाथन बेनेट नावाच्या प्राध्यापकाने यातली बरीच पुस्तकं सोप्या इंग्रजीत करून फुकट ठेवलीत, ती आम्ही झेरॉक्स काढून वापरतो. मराठीत काय आहे ते बहुतेक ‘याविषयी’ आहे, ‘यांचं’ फारच थोडं. मेणाची ती दोन पानं मी मराठीत करून बघितली, गुळासकट. जागा असेल तर छापा, पुढच्या आठवड्यात पाठवते.

आणि एक विनंती. लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलात, शिकलेल्या जुन्या लोकांच्या घरात फ्रेंच, पोर्तुगीज पुस्तकं अजून कपाटात असतात. आम्हाला देकार्तचं एक फ्रेंच पुस्तक असंच एका घरात सापडलं, वाळवीने शेवटची तीस पानं खाल्लेली. कुणी जुनं घर रिकामं करत असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी आम्हाला कळवा. रिक्षाचं भाडं आम्ही देऊ.

आपली,
एक वाचक, फोंडा