पूल व्हावेत, पण जंगलजेट्याही राहाव्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरच्या खाडीपुलांच्या बातम्या आम्ही मित्र आवर्जून वाचतो, कारण थंडी पडली की आमची गाडी याच किनाऱ्याने निघते. पूल व्हायलाच हवेत, याबद्दल दुमत नाही. शेवटची फेरी चुकली की दिघीच्या माणसाला समोर दिसणाऱ्या आगरदांड्याला जायला म्हसळ्याकडून अख्ख्या खाडीला वळसा घालावा लागतो. घरात कुणी अत्यवस्थ असेल तर काय जीव टांगणीला लागत असेल! माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळापासून किनारा या रस्त्याची वाट पाहतो आहे. म्हणणं एवढंच की, पूल झाले म्हणून जंगलजेट्या, म्हणजे गाड्या आणि माणसं खाडीपार नेणाऱ्या या बोटी, मोडीत काढू नका.

यंदा जानेवारीत भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो आणि रेवदंडा, काशीद करत मुरूडला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आगरदांड्याच्या धक्क्यावर वारा असा झोंबत होता की काचा खाली करायची कुणाची छाती होईना. पण गाडी जेटीवर चढली आणि सगळेच बाहेर आले. कानटोपी घातलेला एक पोरगा बोनेटवर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत गाड्या इतक्या चपखल लावत होता की दोन गाड्यांमधून आडवं होऊनच जावं लागे. पाट्या घेतलेल्या कोळणी इंजिनाच्या उबेला टेकल्या होत्या. खाडीच्या तोंडाशी जंजिरा, मागे कुरवांचा थवा. त्या पाव तासात आमचा मितभाषी मित्रही बोलता झाला. पुढे दिवेआगरवरून शेखाडी, आरवी, श्रीवर्धन हा रस्ता तर समुद्राच्या कुशीतूनच जातो, त्याचं वर्णन आता नव्याने काय करायचं! रात्री शेतात भांबुर्ड्याचा पाला घालून लावलेली वालाच्या शेंगांची पोपटी मात्र थंडीतच खावी.

पूल आला की जेटी तोट्यात जाईल, असं सांगितलं जातं. मग मुंबईकडे बघा. अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, तरी मांडव्याची रो-रो चालूच आहे. गोराईला भाईंदर-उत्तनवरून गाडीरस्ता आहे, तरी लोक बोरिवलीहून बोटीनेच जातात. दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून अशा जेट्यांवर किती घरं उभी राहिली! तिकीट फाडणारे, दोर टाकणारे, धक्क्यावर चहा-भजी विकणाऱ्या बायका. पुलावरून सुसाट जाणारी गाडी त्यांच्यापाशी कशाला थांबेल? शिवाय पायी येणाऱ्या माणसाला लांबलचक पूल काय कामाचा? त्याला धक्क्यापासून धक्क्यापर्यंतच जायचं असतं.

सरकारला विनंती आहे की, आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेशवी इथे पूल सुरू झाल्यावरही निदान दिवसा तरी फेरी चालू ठेवावी. लागलं तर एसटीसारखी सवलत द्यावी. पुलाच्या खर्चातच धक्क्यांची डागडुजी, गाळ उपसणं आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह ही कामं धरावीत. या भागातल्या लोकप्रतिनिधींनी हा मुद्दा आत्ताच, कामं चालू असतानाच लावून धरावा.

– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई