कपिलेचे नाव लिहून घेणाऱ्या वनरक्षक ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा नाल्याकाठच्या झुडपी जंगलात आमच्या कपिला गाईला वाघिणीने मारले आणि त्याच संध्याकाळी, भर पावसात, तुम्ही चिखल तुडवत आमच्या धुऱ्यावर येऊन उभ्या राहिलात. त्या दिवशी तुमच्याशी धड बोलता आले नाही, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी आमचा गोऱ्हा असाच गेला होता. तेव्हा आलेल्या साहेबांनी गाडीची काच अर्धीच खाली केली आणि ‘वाघानेच मारला कशावरून?’ असे विचारून ‘उद्या येतो’ म्हणून ते निघून गेले. त्यांचा उद्या चौथ्या दिवशी उगवला. तोवर कुत्र्यांनी सगळे ओरबाडून नेले होते, आणि मग पुरावा नाही, हेही आम्हालाच ऐकवण्यात आले.

तुम्ही पंचनामा लिहिताना रंग, वय, दूध विचारले आणि मग मान वर करून म्हणालात, ‘नाव काय होते हिचे?’ त्या कागदावर नावाचा रकाना नव्हता. तरी तुम्ही समासात ‘कपिला’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले. तोवर दाराआड उभी असलेली माझी पत्नी तेव्हा पहिल्यांदा रडली. भरपाई पुढे मिळाली, तिचाही उपयोग झाला. पण आमच्या घरात अजून बोलले जाते ते त्या समासातल्या तीन अक्षरांविषयी.

आता जे तुम्हाला ठाऊक नाही, ते कबूल करतो. त्या दिवशी पिकावर फवारायच्या औषधाची बाटली मी पिशवीत घालून ठेवली होती. वाघीण आपल्या शिकारीवर पुन्हा येते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. तुम्ही झाडाला बांधून ठेवलेल्या कॅमेऱ्यात रात्री वाघिणीमागे दोन मोठे बछडे दिसले. मी ते औषध कलेवरावर ओतले असते, तर एकाच रात्री तीन वाघ गेले असते, आणि मागून कोल्हे व गिधाडेही.

राज्यात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले, याचा अभिमान सर्वांना आहे. परंतु ताडोबात जागा न उरलेले तरुण वाघ धानाच्या बांध्यांमधून, रस्ते आणि गोसीखुर्दचे कालवे ओलांडत नवे रान शोधतात, तेव्हा त्यांची गाठ पर्यटकांशी नव्हे, आमच्याशी पडते. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला वीजप्रवाह वाघ आणि डुक्कर असा भेद करत नाही; संतापलेला गोपालकही फारसा करत नाही. अशा वेळी काच खाली करणारा माणूस येतो की चिखलात उतरणारा, यावर पुष्कळ काही ठरते. माणुसकीला शासन निर्णय लागत नाही, हे मात्र तुमच्यामुळे पटले.

बाटली मी दुकानदाराला परत केली. त्याने पैसे पूर्ण दिले नाहीत, म्हणून त्याचे आभार या पत्रात नाहीत. कपिलेची कालवड आता गाभण आहे. गस्तीवर या बाजूला आलात, तर चहाला घरी यावे.

आपला कृतज्ञ,
चंद्रपूर जिल्ह्यातील एक धान उत्पादक शेतकरी